फ्लोरानं बांधलेला डबा

शांताक्का, मी तुला एक खोटं सांगितलं होतं. ते खोटं आहे हे न कळताच तू गेलीस. गेल्या पंधरा दिवसांत मी ते मनातल्या मनात तुला कितीतरी वेळा सांगून पाहिलं. दर वेळी सुरुवात माझ्याच बाजूनं होते. मी कसा घाईत होतो, मला कसं ठाऊक नव्हतं, वगैरे. म्हणून आता लिहून काढतोय. लिहिलेलं परत वाचता येतं, आणि आपण स्वतःला कुठे वाचवून घेतलं ते सापडतं.

तुझ्या येलहंक्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायला आलो, तेव्हा सामानात दोन गिटारी, एक अँप्लिफायर आणि खोकंभर पेडल होते. "हे काय रे, शिलाई मशीनचं?" तू विचारलंस. गिटारच्या वायरीत मध्ये जोडायचे आणि पायानं दाबायचे हे डबे आवाज घोगरा करतात, थरथरवतात, लांबवतात, असं मी समजावून सांगितलं. आणि मी जमवतो ते जुने, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे, हेही सांगितलं. तू सगळं शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हणजे लग्न झालेलं नाही."

मी तेव्हा तुला तुम्ही म्हणत होतो. आठवडाभर तू चालवून घेतलंस. मग एक दिवस जिन्यातच अडवलंस. "अक्का म्हणतोस आणि वर तुम्ही? आमच्यात अक्काला तू म्हणतात. निपाणीत काय करता ते निपाणीत." तुझं मराठी साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या घरातलं, बोलता बोलता कन्नडमध्ये शिरून परत येणारं. मला वाटायचं माझं मराठी शुद्ध. तुला माझं मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटायचं, आणि तसं तू शेजारणीला सांगितलंही होतंस.

तू टेलिफोनच्या कारखान्यात आयुष्यभर सोल्डरिंग केलेली बाई आहेस, हे मला एका रविवारी सकाळी कळलं. मी गॅलरीत बसून एक बंद पडलेला फझ पेडल उघडला होता आणि हातात ऑनलाइन मागवलेलं स्वस्तातलं सोल्डरिंग आयर्न होतं. धूर खालपर्यंत गेला. तू पदर खोचून वर आलीस. "अय्यो, काय जाळतोस?" माझ्या मागे उभी राहून तू पाहिलंस. चष्मा कपाळावरून खाली ओढलास. "स्वल्प सरक." मी सरकलो. "हा ड्राय सोल्डर आहे, नीट धरलेलाच नाही, हा पण. आणि हा तू आत्ता केलास तो तर सोल्डरच नाही, चिखल आहे." खाली जाऊन तू तुझं स्वतःचं आयर्न आणलंस, निवृत्त झाल्यावर जपून ठेवलेलं, लाकडी मुठीचं. दहा मिनिटांत काम झालं. मी गिटार जोडून एक कॉर्ड वाजवला. फझचा तो फाटका, गुरगुरणारा आवाज घरभर झाला. मी आनंदानं तुझ्याकडे पाहिलं, तर तुझा चेहरा पडलेला.

"अजून बिघडलेलंच आहे की रे."

तो आवाज असाच हवा असतो हे पटवताना माझी दमछाक झाली. पटलं तेव्हा तू भिंतीला टेकून हसत सुटलीस. "आम्ही बायकांनी तीस वर्षं डोळे फोडले, लोकांना एकमेकांचं बोलणं साफ ऐकू यावं म्हणून. आणि तू ते खराब करायचा डबा जमवतोस!"

त्यानंतर रविवार आपले झाले. इडली झाली की तू भिंग घेऊन वर यायचीस. मी शहरभर फिरून, कुठे बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या सामानातून, कुठे जुन्या चर्चच्या बँडवाल्याकडून पेडल आणायचो आणि तू ते जिवंत करायचीस. आपलं भांडण एकच. मला मूळ भाग जसाच्या तसा हवा असायचा. वाळून गेलेला कपॅसिटरसुद्धा मूळचा आहे म्हणून मी काढू द्यायचो नाही. "वाजत नसलेलं ओरिजिनल काय करायचं? हार घालायचा?" तू विचारायचीस. शेवटी तुझंच व्हायचं. तू मला कळायच्या आत जुना भाग काढून नवा बसवून मोकळी व्हायचीस आणि जुना एका कागदाच्या पुडीत घालून पेडलच्या पोटात चिकटवून ठेवायचीस. "घे तुझं ओरिजिनल. आत आहे."

जुन्या पेडलवाल्यांचा एक गट आहे, जगभरातले लोक आहेत त्यात. तिथे मी फोटो टाकायचो आणि खाली लिहायचो, मी दुरुस्त केला. लोक सोल्डरिंगचं कौतुक करायचे. एकदा माझ्या फोनवर तू ते वाचलंस. इंग्रजी तुला येत होतं, मी धरून चाललो होतो की येत नसेल. "हा 'मी' कोण रे?" तू हसत विचारलंस. मी म्हणालो, "अक्का, तिथे सगळं समजावून कुठे सांगत बसू." "असू दे," तू म्हणालीस. "माझे हात कुणाला दाखवायचेत." तू खरंच मनावर घेतलं नाहीस, असं मी तेव्हा मानलं. मला ते सोयीचं होतं.

मग तो करडा डबा आला. कमनहळ्ळीतलं एक कुटुंब घर रिकामं करत होतं. तिथून घेतलेल्या एका जुन्या गिटारच्या पेटीत तो होता. कंपनीचं नाव नाही, शिक्का नाही, हातानं वाकवलेलं ॲल्युमिनियम. आवाज थरथरवणारा पेडल. मी तुझ्यासमोर स्क्रू काढले आणि झाकण बाजूला केलं. तू नेहमीसारखी भिंग घेऊन वाकलीस आणि वाकलेलीच राहिलीस.

आत तारांच्या जुड्या मेणाच्या दोऱ्यानं बांधलेल्या होत्या, ठरावीक अंतरावर एकेक गाठ. तू त्या गाठींवरून बोट फिरवलंस. "हा फॉर्म आहे," तू म्हणालीस. कारखान्यात तारांची जुडी अशी बांधायला शिकवायचे, फॉर्म बांधणं म्हणायचे त्याला. "आणि ही कळ बघ, ही टेलिफोनची कळ! भंगारातून उचललेली दिसते." मग तू भिंग आणखी जवळ नेलंस. गाठी उलट्या पडल्या होत्या. उजव्या हातानं बांधणाऱ्याची गाठ एका बाजूला पडते, ही दुसऱ्या. "आमच्या लाइनीत डावखुरी एकच होती. फ्लोरा. माझ्या शेजारी बसायची. तिचा भाऊ बँडमध्ये गिटार वाजवायचा."

त्या सकाळी तू फ्लोराबद्दल जेवढं बोललीस तेवढं स्वतःबद्दल कधी बोलली नव्हतीस. सुपरवायझर डाव्या हातावर पट्टी मारायचा आणि ती हसून पुन्हा डाव्याच हातानं बांधायची. डब्यातला पोर्क तुझ्यासमोर खायचा नाही म्हणून ती पाठ फिरवून बसायची, आणि जेवण झालं की हात धुऊन तुझ्या वेणीत फूल माळायची. तिचं लग्न ठरलं नाही. भाऊ गेल्यावर ती आजारपणामुळे लवकर निवृत्त झाली, आणि तू तेव्हा मुलाच्या, गिरीशच्या परीक्षेत, सासूच्या दुखण्यात अडकलेली. "भेटायला जाईन जाईन म्हणाले आणि गेलेच नाही रे."

त्या डब्याला तू हात लावू दिला नाहीस. तो वाजत नव्हता. एक कपॅसिटर उघड उघड फुगलेला दिसत होता. मी म्हणालो, आता काय झालं, नवा बसव की, वाजत नसलेलं ओरिजिनल काय करायचं? तू मान हलवलीस. "हा असू दे. हा मी तिला शोधून दाखवणार आहे. तोवर कुठे देऊ नको." मी हो म्हणालो. दोन वेळा हो म्हणालो.

तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हैसूरला गिरीशकडे झालं. महिनाभर तू तिकडे होतीस. मी त्या डब्याचे फोटो गटात टाकले होते, बनवणारा अज्ञात म्हणून. जर्मनीतल्या एका माणसाला तो फार आवडला. त्याच्याकडे इंग्लंडात बनलेला, साठच्या दशकातला, जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा एक फझ होता, जो मी आठ वर्षं शोधत होतो. अदलाबदल करतोस का, असं त्यानं विचारलं. मी एक रात्रही थांबलो नाही. डबा माझा आहे, मी आणलाय, असं मनाशी म्हणत मी तो कागदात गुंडाळला. फ्लोरा सापडणार नाही हे मी धरून चाललो होतो. कारखान्यातल्या जुन्या बायका कुठे कुठे पांगल्या, कोण जिवंत, कोण नाही. तू शोधून काढशील असं खरं तर मला वाटलंच नव्हतं.

तू परत आलीस ती जिना भराभर चढत. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पिशवी तशीच. "अवधूता, सापडली!" महिनाभर डोळे मिटून पडल्या पडल्या तू एकीकडून दुसरीचा नंबर घेत सगळ्यांना फोन केले होतेस. फ्लोरा लिंगराजपुरात भाचीकडे होती, अंथरुणाला खिळलेली. "दिसत नाही म्हणे तिला आता. पण बोटं आहेत की! गाठी हाताला कळतील तिच्या. रविवारी जाऊया. डबा कुठाय?"

मी सांगितलं. जेवढं सांगता येईल तेवढं लहान करून सांगितलं. तू खुर्चीत बसलीस. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू एवढंच विचारलंस, "परत मागून बघतोस?"

मी मागितला, अक्का. ते खरं आहे. त्याच दिवशी मी जर्मनीला लिहिलं की हा डबा एका आजारी बाईनं स्वतः बनवलेला आहे, तिच्या हातात एकदा द्यायचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं उत्तर आलं. इतकं साधं, इतकं सभ्य उत्तर. अशी गोष्ट असेल तर तो तिच्याकडेच असायला हवा. मी परत पाठवतो, तू माझा फझ पाठवून दे.

तो फझ तेव्हा माझ्यासमोर टेबलावर होता. मी चार दिवस त्या पत्राला उत्तर दिलं नाही. ऑफिसमधून यायचो, गिटार जोडायचो, वाजवायचो. रोज वाटायचं, उद्या पॅक करू. पाचव्या दिवशी तू खालून हाक मारलीस, "काय म्हणतो रे तो?" आणि मी जिन्याच्या वरच्या पायरीवरून म्हणालो, "नाही देत म्हणतो, अक्का."

हेच ते खोटं. त्या संध्याकाळी मी जर्मनीला कळवलं की राहू दे, आता गरज नाही.

आणि तू काय केलंस? तू वर आलीस. माझ्या पाठीवर हात ठेवलास. "सरी, जाऊ दे. परका माणूस, त्याला आपलं काय कळणार. तू वाईट वाटून घेऊ नको." माझ्या पाठीला तो हात सहन होत नव्हता. मी पाणी प्यायचं निमित्त करून उठलो.

रविवारी तू एकटी गेलीस. मी ऑफिसचं काम सांगितलं. दोन बस बदलून, फुलं आणि केळी घेऊन, रिकाम्या हातांनी म्हणावं तर रिकाम्या हातांनी. दुपारी परत आलीस तेव्हा मी गॅलरीतून पाहिलं. तू फाटकाची कडी लावलीस, चपला काढल्यास, आत गेलीस. तिथे काय झालं ते तू कधी सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. डब्याचं तू तिला सांगितलंस का? की सापडला होता हेच लपवलंस, तिला हुरहूर लागू नये म्हणून? मला वाटतं तू सांगितलं असशील. बोटानं तिच्या तळव्यावर ती उलटी गाठ काढून दाखवली असशील. पण हे मला वाटतं, कारण मला तसं हवंय.

दोन महिन्यांनी सकाळी तू जिन्याच्या खाली उभी होतीस. "फ्लोरा गेली रे. चर्चला जायचंय. येतोस?" मला मीटिंग होती. खरंच होती. ती पुढे ढकलता आली असती, हेही खरं.

त्यानंतर तू माझे पेडल हातात घेतले नाहीस. डोळे चालत नाहीत म्हणालीस. ऑपरेशननंतर तुला सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवता येत होता, मी पाहिलं होतं. मला वाटलं तू ओळखलंस. तुझ्या नजरेला नजर देणं जमेना. मग जे. पी. नगरला एक जागा मिळाली, ऑफिसपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला. लोक ऑफिसजवळ घर शोधतात, मी लांब शोधलं. मी सामान खाली उतरवताना तू उभी राहिलीस, लोणच्याची बरणी दिलीस. "रविवारी येत जा." मी दोनदा आलो. नंतर आलो नाही.

गिरीशचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. आई गेली, म्हणाला. सकाळी पूजेला फुलं तोडताना खाली बसली, ती उठलीच नाही.

त्या संध्याकाळी मी जर्मनीला पुन्हा लिहिलं. काय मागत होतो, कुणासाठी, मलाच कळत नव्हतं. त्यानं उत्तर दिलं. मागच्या वर्षी त्यानं डबा उघडून तारा बदलल्या होत्या, जुन्या कडक झाल्या होत्या म्हणून. तो आता छान वाजायला लागला होता आणि त्यानं तो कुणाला तरी देऊन टाकला होता. त्याच्या पत्रात कुठेही राग नव्हता. त्याचा काही दोषही नव्हता. मी गटातही लिहिलं की आजवरची सगळी दुरुस्ती शांताक्का नावाच्या बाईची आहे, माझी नाही. त्यावर लोकांनी माझ्या प्रामाणिकपणाची तारीफ केली. भराभर, शेकड्यानं. मी ते बंद करून टाकलं. तुझं नाव घ्यायला गेलो आणि पुन्हा मीच मोठा झालो.

मग तेराव्याचं जेवण. मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली नळ आहे तिथे मी हात धुवायला गेलो, तर गिरीश घागरी भरत होता. लुंगी खोचलेली, डोक्यावरचे केस काढलेले, त्यामुळे नुसता चेहरा उठून दिसून तो एकदम तुझ्यासारखा वाटत होता. त्यानं मला पाणी घातलं.

"बरं झालं आलास," तो म्हणाला. "आईला तुझी फार काळजी होती."

"माझी?"

"म्हणायची, पोरानं फार मनाला लावून घेतलंय. त्या जर्मनीवाल्यानं डबा परत दिला नाही, म्हणून हा मला तोंड दाखवायला लाजतोय. वेडा आहे, म्हणायची, ह्याचा काय दोष. गेल्या महिन्यात तुला दोनदा फोन लावला तिनं. उचलला नाहीस, तर म्हणाली, कामात असेल."

ते दोन्ही फोन मी पाहिले होते, अक्का. फोन हातात होता. तुझं नाव दिसत होतं. वाजायचा थांबेपर्यंत मी त्याच्याकडे पाहत बसलो होतो, कारण मला वाटलं होतं की तुला कळलंय आणि आता तू विचारणार.

म्हणजे तू ओळखलं नव्हतंस. तू माझ्या पेडलना हात लावला नाहीस तो कदाचित फ्लोराच्या आठवणीनं. किंवा खरंच डोळ्यांमुळे. आणि मी तुझ्या ज्या नजरेपासून पळून शहराच्या टोकाला गेलो, ती मीच तयार केली होती. तू मला समजावायला फोन करत होतीस.

"गिरीश," मी म्हणालो, "तो द्यायला तयार होता."

"कोण?"

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, ओल्या हातांनी, पहिल्यापासून. चार दिवस, टेबलावरचा फझ, जिन्याची वरची पायरी. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं. घागर भरून वाहायला लागली तरी गिरीशनं तिच्याकडे पाहिलं नाही. आतून कुणीतरी पायस वाढायला बोलावत होतं.

मी थांबल्यावर त्यानं वाकून नळ बंद केला. मला वाटलं तो आता जा म्हणेल.

"हे तू आईला सांगायचं होतंस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "रागावली असती. आठवडाभर बोलली नसती तुझ्याशी. मग तीच जिना चढून वर आली असती."

त्यानं घागर उचलली आणि तो पंगतीकडे गेला. मी नळापाशी उभाच राहिलो.

तू रागावली असतीस, अक्का. तेवढंच झालं असतं.